नाक आणि नेब्बिओलो

ताटात काही टाकायचं नाही, हे आमच्या घरात मला इतक्या वेळा सांगितलं गेलंय की समोर काही भरलेलं आलं की ते रिकामं करणं ही मला माझी नैतिक जबाबदारी वाटते. समोरच्या फ्लॅटमधल्या पाओलाबाईंच्या टेबलावर माझ्यापुढे ग्लास मांडले होते आणि प्रत्येकाच्या तळाशी बोटभर वाइन होती. पहिला ग्लास मी संपवला. बाईंनी तो लगेच भरला. इतक्या प्रेमानं वाढलेलं टाकायचं कसं, म्हणून मी तोही संपवला. त्यांच्याकडे रीत अशी की रिकामा ग्लास म्हणजे पाहुण्याला आणखी हवंय; पुरे झालं असेल तर घोटभर तळाशी राहू द्यायचं. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी आम्ही दोघंही आपापल्या आईवडिलांनी लावलेलं वळण प्रामाणिकपणे पाळत होतो आणि त्या दोन वळणांच्या मध्ये माझं डोकं हळूहळू तरंगायला लागलं होतं.

जेवण संपता संपता मी ताटातल्या भाजलेल्या माशाला, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार कसा देतात, ते समजावून सांगत होतो. मासा ऐकत होता. मी रस्त्यांच्या कामावरचा इंजिनिअर, त्यामुळे विषय माझा होता एवढंच समाधान. घरी परतलो तो बाईंच्या मुलाच्या चपला घालून. माझे बूट त्यांच्याच दाराशी राहिले. सुदैवानं त्यांचं दार आमच्या दारासमोरच. मेधा, म्हणजे माझी बायको, मला कोपराला धरून घेऊन आली, दार लावलं, माझ्या पायांतल्या त्या भल्यामोठ्या चपलांकडे बघितलं आणि हसली. भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून हसली.

ती हसली म्हणून तो हिवाळा माझ्या लक्षात राहिला. सप्टेंबरपासून ती हसली नव्हती.

काल आम्ही एसी बंद केला. अबुधाबीत ऋतू बदलतो तो असा, बटण दाबून. महिनोन्‌महिने कानात घरघरणारा आवाज थांबतो आणि घराला स्वतःचे आवाज असतात हे आठवतं. नळाचा थेंब, शेजारच्यांची खुर्ची, लिफ्टची घंटा. मग गॅलरीचं दार उघडायचं. अल रीमच्या या बेटावर माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, पण उन्हाळाभर काचा बंद असल्यामुळे कुणाचा कुणाला पत्ता नसतो. दार उघडलं की सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं आत येतात. कुणाचा कांदा, कुणाचा ऊद, कुणाची मासळी. आणि पहाटे धुकं. मोबाइलवर सावधानतेचा मेसेज येतो, रस्त्यावरच्या पाट्या वेग कमी करा म्हणतात, आणि समोरचा टॉवर कमरेएवढ्या दुधात उभा राहिल्यासारखा दिसतो. वाळवंटात धुकं पडतं हे मी गावाकडे सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे, याला तिकडे जरा जास्तच मिळतंय, अशा नजरेनं बघतात.

काल दार उघडल्यावर मेधा गॅलरीत गेली आणि नुसती उभी राहिली. मी विचारलं नाही. तिचं काय चाललंय ते मला माहीत होतं. ती मोजदाद करत होती, काय काय येतंय याची.

त्या वर्षी, त्या हिवाळ्याच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. साधाच, व्हायरल. ताप गेला, आणि जाताना तिच्या नाकातलं सगळं घेऊन गेला. सुरुवातीला आम्ही सर्दी समजलो. मग एक दिवस ऑफिसातून आलो तर घरभर धूर आणि दुधाचं पातेलं काळंठिक्कर. मेधा त्याच पातेल्याशेजारी ओट्याला टेकून, खिडकीबाहेर बघत उभी होती. तिला काही कळलंच नव्हतं. ही तीच बाई, जी बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता, “अहो, रवा झाला, गॅस बंद करा,” असं ओरडायची आणि तिचं कधी चुकायचं नाही.

हॉस्पिटलातला डॉक्टर मल्याळी आणि भला होता. मज्जातंतू आहेत, परत जुळतील, वेळ लागेल, कदाचित जुळणारही नाहीत, असं त्यानं फार हळू आवाजात सांगितलं आणि रोज हुंगायला छोट्या बाटल्या दिल्या. मेधानं काही दिवस त्या हुंगल्या. मग कपाटात ठेवून दिल्या. रिकाम्या डब्यात तोंड घालून बसल्यासारखं वाटतं, म्हणाली. ती घड्याळ लावून फोडणी करायला लागली. आमची कन्या ऋचा, तेव्हा अकरावीत, प्रत्येक घासाला “आई, इट्स फाइन, रिअली,” म्हणायची, आणि ते ऐकून मेधाचा चेहरा आणखी उतरायचा. दिवाळीला तिनं काही केलं नाही. जेवणही कमी झालं. जानेवारीत तासगावला भावाकडे जाते म्हणाली. परतीचं कधीचं काढू विचारलं तर म्हणाली, नंतर बघू. आणि मग एकदा, मी टीव्ही बघत असताना, टीव्हीला सांगावं तसं ती म्हणाली, “आपलं घर लॉजसारखं झालंय. कशालाच कुणाचा वास नाही.”

मी टीव्ही बंद केला. डांबर कुठल्या तापमानाला पसरायचं हे मला पाठ आहे. यावर मला काही माहीत नव्हतं.

पाओलाबाई उत्तर इटलीतल्या, डोंगरउतारावरच्या द्राक्षबागांच्या गावातल्या. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा इथे तेल कंपनीत. त्याच्याकडे हिवाळा काढायला आलेल्या. इंग्रजी मोजकं, हात मुबलक; अडलं की दुभाषी ऋचा. टॅक्सीवाल्यांकडून ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, उचललेलं आणि ते त्या कुठेही वापरायच्या, जेवायला बसवतानाही. मला ‘इंजेनियेरे’ म्हणायच्या, तेही असं की जणू मी धरण बांधलंय.

माझ्या त्या पराक्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे बूट आणि सोबत एका पांढऱ्या वाडग्यात हेझलनटचा केक पाठवला. बूट मी ठेवून घेतले. वाडगा हा प्रश्न होता. शेजाऱ्याचं भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. मी म्हटलं, लुलू सुपरमार्केटमधून मिठाई आणू. मेधानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या भांड्यात विकतचं भरून द्यायचं, एवढी ती अजून हरली नव्हती. तिनं शिरा केला. तिन्हीसांजेला केला, घड्याळाकडे बघत बघत, आणि स्वतः नेऊन दिला.

बाईंनी एक चमचा खाल्ला. रवा करपला होता. थोडासाच, पण होता. आम्ही घरात कुणी बोललो नसतो. बाई बोलल्या. मेधाच्या नाकावर हलकेच बोट ठेवून विचारलं, “नो?” मेधानं मान हलवली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ‘छान झालंय’ म्हटलं नव्हतं. त्या करपलेल्या रव्यावर त्या दोघी बायकांची मैत्री झाली.

बाईंचे वडील वाइन करायचे. एका हिवाळ्यात आजारपणात त्यांचं नाक गेलं. वाइनवाल्याचं नाक जाणं म्हणजे आमच्याकडे तबलजीचा हात जाणं. ते रोज संध्याकाळी ग्लास घेऊन बसायचे आणि नुसते हुंगायचे, प्यायचे नाहीत. मग आलं का परत, असं मेधानं विचारलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. काही आलं, काही नाही, असा त्याचा अर्थ ऋचानं लावला. मला वाटलं बाईंनी खोटं बोलायला हवं होतं. पण मेधाला बहुधा तेच पटलं, कारण पुढच्या शनिवारी ती आपणहून गेली.

मेधा पीत नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. नाक कुठे पितं, म्हणाल्या. अडचण वेगळीच होती. वाढलेल्या अन्नाला नाक लावू नये, असं मेधाला लहानपणापासून शिकवलेलं. हुंगून खाणं म्हणजे करणारीवर अविश्वास; आणि नैवेद्याचा वास घेतला तर तो उष्टाच. आयुष्यभर वास तिच्याकडे चालत आले होते, भिंतींमधून, बंद दारांखालून. ती कधी त्यांच्याकडे गेली नव्हती. आता कुणीतरी तिला ग्लासात नाक घाल म्हणत होतं, पार आत, गाय घमेल्यात घालते तसं. पहिल्या दिवशी ती ग्लास हनुवटीशी धरून, वाकू की नको, अशी लाजत बसली. बाईंनी आधी स्वतःचं नाक बुडवून दाखवलं. नाक मोठं होतं. प्रात्यक्षिक जोरदार झालं.

त्या कधीच आधी सांगायच्या नाहीत की यात अमुक वास आहे. ग्लासावर तळहात ठेवायच्या, गोल फिरवायच्या, हात काढायच्या. शोधायचं नाही, म्हणायच्या. थांबायचं. मेधानं हुंगून ठेवलेला ग्लास माझ्याकडे यायचा. ती वास घेणार आणि मी तीर्थ. घोटभर तळाशी ठेवायला मी एव्हाना शिकलो होतो. मला काय वाटतं तेही बाई विचारायच्या. पहिल्यांदा मी ‘द्राक्षाचा वास येतो’ म्हणालो तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण हळूहळू मलाही उजेड पडायला लागला. सोआवे नावाची पांढरी वाइन, गार्गानेगा द्राक्षाची. तिला मी ओल्या पाटीचा वास दिला, शाळेतली दगडी पाटी, थुंकीनं पुसलेली. थुंकीचा भाग ऋचानं भाषांतरात गाळला. बाई खूश झाल्या. पुस्तकातली फळं आमच्याकडची नाहीत, तर आपलीच नावं ठेवा, म्हणाल्या. मग मी सुटलोच. दोल्चेत्तो: नावात गोडवा आणि चव कोरडी, आमच्या एका साहेबासारखी. बार्बेरा: आमसुलाचं पाणी, फक्त शिकलेलं. लांब्रुस्को: लाल असून फसफसणारी, लग्नातल्या मामासारखी. मी हसवत होतो, पण आतून थक्क होत होतो. एक द्राक्ष असतं. साल, बी, पाणी, साखर. त्यात कुणी चेरी घातलेली नसते, बदाम घातलेला नसतो, पाटी तर नसतेच नसते. तरी ते सगळं येतं कुठून? एका उतारावरची माती, एका वर्षीचं ऊन, बाटलीत बंद होऊन समुद्रापार येतं आणि अबुधाबीच्या विसाव्या मजल्यावर एका इचलकरंजीच्या माणसाला त्याची तिसरीतली पाटी परत देतं. मी देवळात हात जोडतो ते सवयीनं. त्या टेबलाशी मला न जोडता जोडल्यासारखं व्हायचं.

मेधाला मात्र काही येत नव्हतं. ती दर शनिवारी जायची, दर ग्लासाला मान हलवायची. तरी जायची.

बाईंचा एक हट्ट होता: या वाइन पार्टीच्या नाहीत, जेवणाच्या आहेत. मी म्हटलं, ताकासारख्या? ताक म्हणजे काय ते समजावल्यावर त्या म्हणाल्या, अगदी. मग मेधानं त्यात डोकं घातलं. नाक नव्हतं, डोकं होतं. ही आंबट आहे ना, मग तेलाला हवी, असं म्हणून तिनं बार्बेरासमोर भरली वांगी ठेवली, आणि बाईंनी वाडगा पुसून खाल्ला. लांब्रुस्कोला कांदाभजी. काळ्या मसाल्याच्या रश्श्याशी बाईंनी एक तुरट, जुनी बाटली जुळवून पाहिली, तर तिखट आणि तुरट दोघं तोंडात भांडले. पुरणपोळीसमोर मोस्कातोसारखी गोड, हलकी वाइन ठेवली तर पोळी सरळ जिंकली. बाईंनी ती हार मान्य केली आणि दुसरी पोळी घेतली.

मग एकदा बोलणं वेलींवर गेलं. मेधाचं माहेर तासगावचं, बेदाण्यांच्या शेडमध्ये वाढलेली. आमच्याकडे छाटणी वर्षातून दोनदा, एक उन्हाळ्यात काडी घडवायला, एक पावसाळा सरताना फळासाठी, असं तिनं सांगितलं. बाईंना पटेना. त्यांच्याकडे वेल बर्फाखाली झोपते, छाटणी एकदाच. मग तुमची वेल झोपते कधी, त्यांनी विचारलं. झोपतच नाही, मेधा म्हणाली. बाई ‘बिचारी’ या अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि मेधाच्या हातावर हात ठेवला. त्या वेलीबद्दल बोलत होत्या की कुणाबद्दल, देव जाणे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी साइटवरून थेट त्यांच्याकडेच गेलो. दिवसभर डांबराचा थर पसरवायचं काम चाललं होतं. शर्ट बदलायलाही घरात शिरलो नव्हतो, कारण बाई दारातच ‘यल्ला, यल्ला’ करत उभ्या होत्या. त्यांनी सकाळपासून एक बाटली उघडून ठेवली होती. नेब्बिओलो. त्यांच्या गावची. ग्लासात ओतली तर रंग इतका फिका की मला पाणी घातल्याचा संशय आला. चव घेतली तर जिभेला कच्च्या सुपारीसारखी ओढ बसली. हे द्राक्ष सगळ्यांत शेवटी पिकतं, बाई सांगत होत्या, ऑक्टोबरात, जेव्हा दरीतून धुकं वर चढतं. लोक म्हणतात, त्याचं नावच धुक्यावरून पडलं. आणि त्यांनी गॅलरीकडे हात केला. तिकडे खारफुटीवरून आमचं धुकं वर येत होतं, टॉवरमागून टॉवर खात. इटलीचा तो डोंगर आणि हे बेट, मध्ये एवढा मुलूख, आणि धुक्याला त्याचं काही नाही.

मेधानं ग्लास घेतला. आता ती लाजत नव्हती. नाक आत, डोळे मिटलेले. थांबली. मान हलवली, नाही. बाईंनी ग्लास पुन्हा फिरवून तिच्या हातात दिला. ती पुन्हा थांबली. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण तिची मान पुन्हा हललेली मला बघायची नव्हती.

“डांबर,” मेधा म्हणाली.

मी दचकून उभाच राहिलो. आंघोळ करून येतो म्हणालो, माफ करा म्हणालो, मागे सरकताना खुर्ची पाडली. बाईंनी ऋचाकडे बघितलं. ऋचा म्हणाली, “टार.” बाईंनी माझी बाही गच्च धरून मला खाली बसवलं, तोंडावर बोट ठेवलं आणि मेधाला फक्त एवढंच विचारलं, “आणि?”

मेधा परत ग्लासात गेली होती. बराच वेळ गेली होती. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते. ग्लास टेबलावर ठेवला, कुकर लावायचाय, म्हणाली आणि उठून घरी गेली.

बाईंनी तो ग्लास उचलून स्वतः प्यायला, सबंध, तळाशी काही न ठेवता. ऋचाचं बोट मोबाइलवर फिरत होतं. “बाबा,” ती म्हणाली, “इट सेज, टार अँड रोझेस. दॅट्स द फेमस थिंग अबाउट इट.” या द्राक्षाची ओळखच ती, डांबर आणि गुलाब. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बाहीचा वास घेऊन बघितला. मेधाचं नाक त्या बाटलीनं उघडलं होतं, की मी उकळत्या डांबरात दिवस काढून तिच्या शेजारी येऊन बसलो होतो एवढंच? आणि नुसतं तेवढंच असेल तर? जवळून आलेला तिखट, उग्र वास अर्धवट नाकालाही कधी लागतो, डॉक्टर म्हणाला होता. त्यावरून फार आशा धरू नका, असंही म्हणाला होता.

पुढे वास एकेक करून आले, बोलावल्यासारखे नाही, आपापल्या मर्जीनं. हिंग आधी आला. जिरं बऱ्याच उशिरा. कॉफी अजूनही तिला जळक्या रबरासारखी लागते. ती बहुतेक तशीच राहील. तासगावला ती गेली, पण जानेवारीत नाही, उन्हाळ्यातल्या छाटणीच्या वेळी, आणि जाताना परतीचं तिकीट तिनंच मला काढायला लावलं. पाओलाबाई दर हिवाळ्याला येतात. काल आमचं दार उघडं होतं तसं त्यांचंही होतं, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून लसूण आमच्या हॉलमध्ये येऊन बसला होता. मेधा गॅलरीतून आत आली आणि म्हणाली की बाईंचा लसूण जरा जास्त लाल होतोय, जाऊन सांगा. मी गेलो. होत होता. माणसाच्या नाकाएवढं अद्भुत मी काही पाहिलेलं नाही, आणि मी समुद्रात बेटं उभी राहताना पाहिली आहेत.

पण ती नेब्बिओलोची संध्याकाळ. मी घरी आलो तेव्हा कुकरची शिट्टी होत होती आणि मेधा ओट्याशी पाठमोरी उभी होती. ऋचा आपल्या खोलीत गेली होती. मोबाइलवर काय वाचलं ते तिनं आईला सांगितलं नव्हतं, मीही नाही. मी दारातच थांबलो, जवळ जायची हिंमत होईना, या शर्टात तर नाहीच. शेवटी तिथूनच विचारलं. खरं सांग, म्हटलं, ते डांबर ग्लासातलं होतं की माझ्या अंगाचं?

तिनं गॅस बारीक केला, आणि मागे न वळता म्हणाली, “तुमच्या अंगाला गुलाबाचा वास कधीपासून यायला लागला?”